आमचा किलोमीटर

माहा जन्म कोपीतला. ऊस तोडाले गेलेले लोकं शेताच्या कडेले पाचटाची झोपडी करतात नं, तिले कोपी म्हनतात. आमचा तांडा आर्णीच्या अंगाले, पन दिवाळी झाली का अर्धा तांडा फलटनकडे जाय ऊस तोडाले, अन् त्या साली माही याडी पोटुशी होती तरी गेली. याडी म्हंजे माय, आमच्या गोर बोलीत मायले याडी म्हनतात. तं मी तिकडंच झाली. ज्याच्या शेतात कोप्या होत्या त्या घरची एक बाई होती, वत्सलाबाई नावाची, तिनं याडीले चार दिवस घरातून गरम पानी अन् भाकर आनून देल्ली, अन् बाप म्हने का पाचव्या दिवशी तुही याडी मोळ्या बांधाले उठली. मंग दरसाल आम्ही तिकडंच. सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. मी त्या वत्सलाबाईच्या गोठ्यात खेळत मोठी झाली, तिच्या पोराइसंगं, तिच्या म्हशीच्या मागं. पुढं बापानं मले आश्रमशाळेत टाकलं म्हनून माही दहावी झाली, नाई तं माह्याही हातात कोयताच होता.

आता तुम्ही म्हनसान का दहावी झाली म्हंजे गनितात हुशार असन. तसं काही नाई ताई. गनितात मी काठावर पास. इतिहास बरा होता माहा. अन् दुसरं, लोकं म्हनतात तुम्ही बंजारे, तुमचे जुने लोकं बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य वाहात देशभर फिरत, हा गाडीचा धंदा तुमच्या रक्तातच आहे. मले हे आईकलं का राग येते. रक्ताले काय डिझेलचा भाव समजते? जे शिकलं ते ठोकरा खाऊन शिकलं, रक्तानं काही सांगतलं नाई.

लग्न झालं अन् मी इकडं आली, महागावजवळच्या तांड्यात. आमच्या घरचे ड्रायव्हर. किसन आडे त्याइचं नाव, नाव घेते मी, नाव घेतल्यानं काही उमर कमी होत नाई कोनाची. पुसदच्या एका मालकाच्या गाडीवर होते ते, चौदा वर्षं एकाच मालकाच्या गाडीवर, पगार अन् रोजचा भत्ता. मानूस लय सरळ. दारू नाई, तंबाखू खातात तेवढं. गाडीले तर असे पुसत जसं लेकराचं तोंड पुसते कोनी. मंग तो मालक म्हातारा झाला, त्याचे पोरं पुन्यात नोकरीले, तं तो म्हने किसन, ही दहा चाकी तूच घे, तुह्याएवढी कोनालेच समजत नाई ती. थोडे पैसे आमचे होते, थोडा पगार त्याच्याकडं राह्यला होता, बाकीचं फायनान्सवाल्याकडून काढलं. गाडी तांड्यात आली त्या दिवशी सासूनं नारळ फोडला, सगळा तांडा गाडीवर चढला, लेकरं ताडपत्रीवर लोळले. हे म्हनत होते, सुमन, आता आपन मालक झालो.

मालक झालो. काय सांगू तुम्हाले, गाडी एक दिवस दारात उभी नाई. आर्णीतून कपाशीच्या गाठी भर, मुकुटबनातून सिमेंट भर, महागावच्या बाजारातून सोयाबीन भर, हैद्राबाद, नांदेड, नागपूर, मानूस आठ आठ दिवस घरी नाई. अन् घरी आले का खिशात काय, तं जेवनाच्या डब्यापुरते पैसे. पहिले ड्रायव्हर होते तं महिन्याच्या महिन्याले पगार हातात देत, आता मालक झाले तं मी किरान्यावाल्याच्या दुकानासमोरून तोंड लपवून जाऊन राह्यली. मी विचारलं, बाप्पा, एवढी गाडी पळते, पैसा जाते कोठी? ते म्हनत, धंदा नवीन आहे, बसन घडी. सहा महिने गेले, वर्ष गेलं, घडी काही बसली नाई.

मंग एक दिवस म्या म्हनलं, मी येते गाडीत. ते म्हने बायामानसाचं काय काम तिथी. म्या म्हनलं, सासू घरी आहे, लेकरं सुट्टीत मामाच्या गावाले गेलेत, मले एक खेप पाहू द्या, नाई तं हा हप्ता कोन भरते ते मी पाहते. गेली. महागावातून मुकुटबनले निघालो, सिमेंट भराले, अन् सिमेंट टाकाचं होतं हिंगोलीले. मी कॅबिनमध्ये खिडकीपाशी बसली, पाय वर घेऊन, अन् फक्त पाहात होती. पांढरकवडा मागं पडलं तसं म्या विचारलं, मागं काय आहे आपल्या गाडीत? ते हसले, काय राहीन, रिकामी आहे, भराले तं चाललो. म्या विचारलं, मंग ह्या येवढ्या रस्त्याचे पैसे कोन देते? ते म्हने, कोन देईन, भाडं भरल्यापासून मिळते. ताई, पावनेदोनशे किलोमीटर आम्ही आमच्या खर्चानं भाडं आनाले जात होतो, अन् हिंगोलीले खाली केल्यावर पुन्हा रिकामे घरी. भाडं होतं मधल्या तुकड्याचं, अन् गाडी चालत होती तिन्ही तुकडे. अन् हे आमचे सरळमार्गी, ते फक्त मधला तुकडा मोजत होते.

तीन दिवस त्या गाडीत मी सगळं विचारत राह्यली. टायर किती दिवस चालते. एका टायरले किती लागते. आइल कधी बदलता. इन्शुरन्स वर्षाचा किती, परमिट किती, फिटनेस किती, टोलनाक्यावर किती कटते. ते चिडले, म्हने इन्स्पेक्टर झाली काय. पन सांगत गेले. घरी आल्यावर मी दोन दिवस ते सगळं डोक्यात घोळवलं, अन् सगळ्याले किलोमीटरनं भागलं. काठावर पास होती म्हनलं नं, तं पोरगी मामाकडून आल्यावर तिले बाजूले बसवून चार वेळा भागाकार करून घेतला. अन् आकडा निघाला. गाडी एक किलोमीटर चालली का आमचे बेचाळीस रुपये लागतात. भरलेली चालो का रिकामी, थोडाबहुत फरक सोडा. त्याले आम्ही घरात आमचा किलोमीटर म्हनतो. पोरगी हसे, म्हने याडी, किलोमीटर तं सगळ्याइचा सारखाच असते. म्या म्हनलं नाई, ज्याची गाडी त्याचा किलोमीटर.

त्या बेचाळीसमध्ये म्या एक गोष्ट टाकली, तिच्यावरून पुढं लय भांडन झालं. म्या त्याइचा पगार टाकला. पहिल्या मालकाकडं पगार भेटे, भत्ता भेटे, अन् स्वतःच्या गाडीवर चौदा चौदा तास ष्टेरिंग धरून त्याइले कवडी भेटत नव्हती. ते म्हने, स्वतःच्याच गाडीवर पगार कसा घेऊ? म्या म्हनलं, उद्या तुमची कंबर धरली अन् दुसरा ड्रायव्हर ठेवा लागला तं तो फुकटात येईन काय?  तुम्हाले खरं सांगते, त्या दिवशी त्याइच्या डोळ्यात मले काहीतरी दिसलं. मालक म्हनून जे छाती काढून चालत होते, त्याइले पहिल्यांदा समजलं का आपन वर्षभर फुकट राबलो.

तेव्हापासून असं ठरलं, का कोनी भाडं सांगतलं का त्याइनं मले फोन करायचा. कोठून, कोठी, किती टन, काय भाव. मी जायचे अन् यायचे दोन्ही किलोमीटर धरून सांगायची, भरा, नाई तं सोडा. आता विचार करा, ट्रान्सपोर्टच्या हापिसात दहा ड्रायव्हर बसले आहेत, अन् हा मानूस बाहेर जाऊन बायकोले फोन करते. लोकं काय म्हनत असतीन. किसन होम मिनिस्टरले विचारून ये. किसन, वहिनीनं परवानगी देल्ली काय. ते मले सांगत नव्हते हे, पन मले समजे, फोनवर आवाज बारीक येत होता त्याइचा.

अन् मंग झालं ते झालं. आमचं जास्त काम आर्णीच्या एका शेठकडं होतं. नाव नाई सांगत, त्याचं दुकान त्याच्यापाशी राहो. गाठी, सरकी, ढेप, जे निघन ते त्याच्या हातून निघे. तुरीचा हंगाम संपत आला होता, गाड्या जास्त झाल्या अन् माल कमी, तं शेठनं एका सकाळी भाव पाडला. टनामागं अडीचशे रुपये एका झटक्यात. यायनं, आमच्या घरच्यानं, फोन केला, सुमन, शेठ असं असं म्हनते, भरू का? म्या हिशोब केला, अन् तो छत्तीस रुपये किलोमीटर येत होता. म्या म्हनलं, नोका भरू. ते म्हने, बाकीचे भरून राह्यले. म्या म्हनलं, बाकीच्याइची गाडी बाकीच्याइची आहे. तुम्ही रिकामी घेऊन या, चाळीस किलोमीटरचाच घाटा होईन, हैद्राबादले जाऊन आले तं आठशे किलोमीटरचा होईन. ते आले. गाडी दारात लावली, चावी चुलीपाशी ठेवली.

अकरा दिवस उभी होती गाडी. अकरा दिवस म्हनाले सोपं आहे ताई. गाडी चालते तेव्हा दिसत नाई केवढी मोठी आहे ते, दारात उभी राह्यली का सगळं अंगन खाते. सासू सकाळी उठली का गाडीकडं पाहून बोटं मोडे. तांड्यातले बुढे येत, टायरले काठी लावून पाहात, अन् जात. एक जन म्हने, किसन, गाडीत कोंबड्या पाळ. फायनान्सवाला आला, दोन हप्ते चुकले होते, गाडीभोवती चक्कर मारून फोटो काढले त्यानं. म्या त्याले पानी देल्लं अन् सांगतलं, महिन्याच्या आत एक हप्ता देईन, अन् नाई देल्ला तं ही चावी, घेऊन जाजो, पन घाट्यात चालवून तुहा हप्ता भरनार नाई. तो म्हने, काकू, असं कोनी बोलत नाई आमच्यासंगं. म्या म्हनलं, मंग लिहून घे.

घरात आमचं बोलनं बंद. नवव्या दिवशी हे आंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून कोठीतरी गेले. म्हने महागावले जाऊन येतो. आले तेव्हा चार वाजले होते, तोंड असं सुकलेलं. जेवा म्हनलं तं जेवले नाई. लय खोदून विचारलं तेव्हा सांगतलं का आर्णीले गेलतो, शेठकडं. शेठनं बसाले सांगतलं नाई, तं हापिसाच्या पायरीवर बसले. सकाळच्या दहापासून. शेठ तीनदा बाजूनं गेला, आला, चहा प्याले गेला, पाह्यलं नाई. चौदा वर्षं अन् वर दीड वर्षं ज्या मानसानं कोनाच्या गोनीतला दाना हालू देल्ला नाई त्याले पायरीवर बसवलं. शेवटी दोन वाजता शेठ म्हने, तू काहून आला? तुह्या मालकिनीले पाठव, भाव तिच्यासंगं करतो. अन् हापिसातले सगळे हसले.

हे सांगून झालं तसं त्याइनं ताट बाजूले सरकवलं. मंग मले म्हने, तू मले ह्या पायरीवर बसवलं. शेठनं नाई, तू. अन् मी आईकून घेतलं, कारन बोलायची जागा मले माहीत होती, अन् ती माह्या घरात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं आर्णीले गेली. जाताना बजाराले नेसते तेच लुगडं नेसली, काही सनाचं नाई. हापिसात गेली, खुर्ची ओढली अन् बसली. म्या म्हनलं, शेठ, तुम्ही बोलावलं म्हनून आली, मी किसन आडेची घरवाली. त्यानं वर पाह्यलं. पाच-सहा ड्रायव्हर होते तिथी, मुनीम होता. शेठ म्हने, बाई, मी मजाक केली. म्या म्हनलं, त्याइले पायरीवर चार तास बसवलं तेही मजाकच होती का? तो म्हने, हे पाहा, बजार पडला आहे, भाव वरून येते, मी काय घरात छापतो? म्या म्हनलं, वरून किती येते ते सांगा मंग. ज्याचा माल आहे तो तुम्हाले टनाले किती देते? त्यानं मुनीमाकडं पाह्यलं. ड्रायव्हर लोकं आमच्याकडं वळले. कारन हे कोनी विचारतच नव्हतं. मंग तो चिडला, म्हने, तुले काय करायचं त्याचं? म्या म्हनलं, मले नाई, माह्या गाडीले करायचं आहे. तिचा किलोमीटर बेचाळीस रुपयाचा आहे, त्याच्याखाली ती चालत नाई. अन् त्यात काय काय धरलं ते म्या तिथीच घडघड सांगतलं, डिझेल, टायर, टोल, हप्ता, अन् ड्रायव्हरचा पगार.

पगार म्हनल्याबरोबर तो असा हसला. म्हने, आईका रे, हे स्वतःच्या गाडीवर पगार घेतात. कोन घेते बाई स्वतःच्या धंद्यात पगार? म्या म्हनलं, तुम्ही घेता नं. ह्या पंख्याखाली बसून तुम्ही सगळ्याच्या अगोदर आपला काढून घेता, मंग उरलेलं आम्हाले सांगता, अन् त्याले बजार म्हनता. माह्या घरचा मानूस उन्हात कॅबिनमध्ये भाजते, तं त्यानं काहून नाई घ्यायचा?

हसनं थांबलं त्याचं. उठला अन् म्हने, तुमची गाडी आर्णीत कोनी भरनार नाई. मी भरू देनार नाई. जा. म्या म्हनलं, जाते. खुर्ची होती तिथी सरकवून ठेवली. बाहेर आली. स्टँडवर बसली, उसाचा रस पेली. अन् तो रस पेता पेता मले फलटन आठवलं.

आता हे नीट आईका. आर्णीत सरकीच्या तेलाचे घाने आहेत, तेल निघाल्यावर जी ढेप उरते ती म्हशीचं खाद्य. अन् ती ढेप भरभरून जाते तिकडं, दुधाच्या मुलखात. मी लहानपनी ज्या गोठ्यात खेळली तिथी म्हशी इकडच्याच ढेपेवर दूध देत होत्या, पोत्यावर आर्णी, यवतमाळ लिहिलेलं राहे, अन् याडी ते पोतं पाहून म्हने, पाह्य, आपल्या गावचं आहे. माहा भाऊ अजूनही तिकडंच जाते तोडनीले. त्याच्याकडून वत्सलाबाईचा नंबर घेतला. बाई आता सत्तरीच्या वर, तिचा मोठा पोरगा दत्ता, संगं खेळलेला माह्या, तो गावाचं दूध जमा करते अन् शंभर घराइले ढेप देते. म्या फोनवर सांगतलं, दत्ताभाऊ, मी कोपीतली सुमन. तो म्हनला, आगं सुमे, कुठं आहेस तू? मंग म्या विचारलं, ढेप तुम्हाले कशी पडते, गाडीभाडं धरून? त्यानं सांगतलं. अन् ताई, आर्णीचा शेठ गाडीवाल्याइले फलटनचा देते तो भाव अन् दत्ताच्या खिशातून जाऊन राह्यलेलं भाडं, त्याच्यात टनाले साडेसातशेचा फरक होता.

म्या म्हनलं, दत्ताभाऊ, तुम्ही माल घान्यावर इकत घ्या, अन् गाडी तुमची म्हनून माही पाठवा. तुमचे टनाले तीनशे वाचतीन, अन् आम्हाले आमचा किलोमीटर भेटन. डिझेलचे पैसे अगोदर, बाकी तुमच्या दारात पोतं उतरल्यावर. अन् एक करा, येताना रिकामं पाठवू नोका. तुमच्याइकडं गुऱ्हाळं आहेत, यवतमाळच्या एखाद्या किरान्याच्या व्यापाऱ्याचा गूळ पाहा. तो म्हने, आईला विचारतो. मागून बुढीचा आवाज आला, तिची गाडी आहे तर तिचीच पाठव.

बाराव्या दिवशी गाडी निघाली. मी संगं. घान्याच्या फाटकापाशी पोहोचलो तं शेठचे दोन मानसं उभे. म्हने इथी नंबरानं गाडी लागते, तुमचा नंबर नाई. यायनं गाडी बंद केली अन् माह्याकडं पाह्यलं. मी उतराले लागली तं ते म्हने, थांब. स्वतःच उतरले. पहिल्यांदा पाह्यलं म्या त्याइले असं. ते म्हने, माल घेनाऱ्याची गाडी आहे, पैसे घान्याले भरलेले आहेत, नंबर तुमच्या भाड्याच्या गाड्याइले. ते दोघं म्हने, शेठनं मना केलं आहे. घान्याचा मुनीम आत-बाहेर करून राह्यला, त्याले शेठचीही भीती अन् पैसेही घेतलेले. असं अर्धा तास चाललं. फाटकापाशी हमाल बसले होते, वीसेक जन, त्याइचा मुकादम सुखदेवमामा. आर्णीच्याच बौद्ध वस्तीतला, साठीचा मानूस, निळा गमछा गळ्यात, ह्या फाटकावर त्याची जिंदगी गेली. तो उठला, आमच्या गाडीपाशी आला अन् यायले विचारलं, किती भरायचं? हे म्हने, अठरा टन, कागदावर आहे तेवढं, जास्तीचं एक पोतं नाई. सुखदेवमामा त्या दोघाइले म्हने, गाडी कोनाची ते आम्हाले माहीत नाई. आमची हमाली पोत्यावर आहे. पोतं आहे, गाडी आहे, तं आम्ही भरतो. तुमच्या शेठले हे फाटक बंद करायचं असन तं आमची आजची मजुरी त्यानं आनून द्यावी. अन् मागं न पाहता त्यानं हात हालवला, अन् पोरं उठले.

दोन तासात गाडी भरली. तो शेवटचं पोतं लावून खाली आला तेव्हा म्या त्याच्या पाया पडाले गेली, तं मागं सरला. म्हने, पोरी, पायाबियाचं काही करायचं नाई आमच्यात, जय भीम म्हन. म्या म्हनलं, जय भीम मामा.

फलटनले वत्सलाबाईनं मले ओळखलं नाई, डोळे गेले तिचे, पन हातानं तोंड चाचपलं अन् म्हनली, आईसारखीच हाडं आहेत हिची. दत्तानं दारातच पैसे देल्ले, अन् येताना गूळ होता सोळा टन. दोन्ही तुकडे भरलेले. घरी आल्यावर यायनं पैसे माह्या हातात देल्ले नाई, पहिले वेगळे काढले थोडे, अन् म्हने, हा माहा पगार. अन् त्याच्यातून स्वतःले एक जोडी बूट आनले. मले एवढं हसू आलं का पुसू नोका.

पन असं समजू नोका का तिथून पुढं सगळं गोडच गोड. दुसऱ्या खेपेले गूळवाल्यानं ऐन टायमाले पाठ फिरवली, बार्शीपर्यंत रिकामे आलो, पहिल्या खेपेतलं अर्धं तिथंच गेलं. पावसाळ्यात ढेपेची मागनी बसते, तेव्हा मुकुटबनचं सिमेंटच करावं लागते, अन् त्यातही कितीदा म्या नाई म्हनलं अन् घरात डाळ पातळ झाली. दत्तासंगंही भांडन झालं एकदा, त्यानं बाकी लांबवली तं म्या फोनवर सांगतलं, कोपीतली असो का वाड्यातली, पोतं उतरलं का पैसे. त्यानं देल्ले. सासू अजूनही म्हनते का मी गाडीले उभं करून अवदसा आनली होती घरात. म्हनू द्या.

आर्णीच्या शेठनं टनाले शंभर वाढवले पुढच्या महिन्यात, बजार चढला म्हने. तो चढला का चढवाले लावला ते आर्णीतल्या ड्रायव्हराइले विचारा. कारन त्या दिवशी हापिसात जे पाच-सहा बसले होते, त्याइच्यातले दोघं आठ दिवसानं आमच्या तांड्यात आले. म्हने वहिनी, आमचा किलोमीटर काढून द्या. म्या म्हनलं बसा, अन् टायरपासून सुरुवात केली. आता अकरा गाड्यावाले फोन करतात. मी एक रुपया घेत नाई. भाडं मी ठरवत नाई कोनाचं, फक्त सांगते, भाऊ, एवढ्यात तुही गाडी घाट्यात आहे, आता भरायचं का नाई ते तू पाहा. काही भरतात तरी. घरी दवाखाना असते, पोरीचं लग्न असते, मानूस काय करन. मी त्याइले वाईट नाई म्हनत.

शेठचा फोन आलता मागच्या दिवाळीनंतर. कपाशी जोरात होती, गाड्या भेटून नव्हत्या राह्यल्या. म्हने, बाई, जुनं सोडा, गाडी पाठवा. म्या म्हनलं, सोडलं, पन आता किलोमीटर एक्कावनवर गेला आहे, अन् पैसे भरताना अर्धे. तो म्हने, बरं. म्या म्हनलं, अन् आमचे ड्रायव्हर आले का त्याइले खुर्ची द्याची.  तो म्हने, देतो. देल्ली त्यानं. यायनं मले घरी येऊन सांगतलं नाई, दुसऱ्या ड्रायव्हरकडून समजलं.

हप्ते मागच्या साली सरले. गाडीचा कागद घरी आला. पन गाडी आता बुढी झाली, फिटनेसवाले दरसाल काहीतरी काढतात, अन् डिझेल काही खाली येत नाई. पोरगी यवतमाळले नर्सिंग करून राह्यली, पोरगा म्हनते मी ष्टेरिंग धरनार नाई. नोको धरू, म्या म्हनलं. ही गाडी किती वर्षं चालन, पाच, सहा, मंग भंगारात. त्याचं मले वाईट नाई वाटत. जेवढी चालली तेवढी आमच्या भावात चालली.

तुम्ही इतक्या लांबून आल्या, एवढं आईकून घेतलं, तं एक सांगते. रस्त्यानं जाता तुम्ही लोकं. एखादी गाडी ढाब्याच्या बाजूले दोन दोन दिवस उभी दिसन, अन् ड्रायव्हर सावलीत पडलेला दिसन. तो आळशी आहे असं नोका समजू. भाव पटला नसन त्याले. पटेपर्यंत उभं राहाले त्याच्या घरी पीठ असो, अन् घरच्याइचं बोलनं आईकाले त्याची छाती असो. माहा आशीर्वाद म्हना का काही म्हना, त्या उभ्या मानसाले आहे.